भंगारातला धनेश: कमानपाटे, बिडाचा चरक आणि जांभळाचं खोड एकत्र कसं उभं करायचं?

जांबोटीची_वाट

खानापूर तालुक्यात जांबोटी रस्त्यालगतच्या एका शाळेच्या आवारात धनेशाचं शिल्प करायचं आहे. पक्षी भीमगडच्या रानातला, म्हणून मालही शक्यतो इकडचाच वापरतेय. पंख अर्धे उघडलेले, खोडावरून उडायच्या बेतात. खोडासकट उंची साधारण ७ फूट, पंखांचा पसारा ६ फूट.

जमलेला माल असा: ट्रकचे कमानपाटे (७० × १० मि.मी.), बैलगाडीच्या चाकांवरच्या दोन लोखंडी धावा (५० रुंद, १२ जाड), बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या चरकाची बिडाची (ओतीव लोखंडाची) दातेरी चाकं, गूळ शिजवायच्या काहिलीचा ३ मि.मी. पत्रा, कुळवाच्या पासा (आडवी पाती), सायकलच्या चेन, थोडा जीआय (जस्त चढवलेला) पत्रा आणि मोटरसायकलचे दोन शॉकअप. खोड जांभळाचं, बांधावरचं, वाळलेलं, व्यास ४५० मि.मी., लांबी १ मीटर. खाली जांभ्याचा चौथरा. वेल्डिंग मशीन २०० अँपिअरचं डीसी इन्व्हर्टर.

अडलंय ते सांगते. पाट्याचा नमुना जोड ६०१३ रॉडने लावला की त्या दिवशी ठीक दिसतो, दुसऱ्या दिवशी जोडाच्या कडेने केसासारखा तडा गेलेला असतो. जोड स्वतः शाबूत, तडा शेजारी. बिडाला तर रॉड धरतच नाही. मधल्या कण्याला, म्हणजे उभ्या खांबाला, ५० एनबी (आतला व्यास साधारण ५० मि.मी.) पाइप घ्यायचा विचार आहे, पुरेल का? आणि रंग न देता गंजाचाच रंग ठेवायचा आहे. मुलं वर चढणार हे गृहीत धरलंय.

उद्यमबाग_आर्क

ताई, तुमच्या ढिगात निदान चार जातींचं लोखंड आहे आणि तुम्ही सगळ्यांना एकच रॉड लावताय. आधी जाती वेगळ्या करा. ग्राइंडर लावून ठिणगी बघा, सावलीत. काहिलीचा पत्रा आणि धाव यांची ठिणगी लांब, पिवळट-पांढरी, सरळ रेषेत जाणारी, फुलं कमी. पाट्याची ठिणगी चाकाजवळच फुटते, फुलबाजीसारखी दाट. बिडाची आखूड, लालसर, मंद. शंका राहिली तर छिन्नीने कडेचा कपचा काढा: साध्या लोखंडाचा कपचा वळून एकसंध निघतो, बिडाचा चुरा होतो. प्रत्येक तुकड्यावर खडूने जात लिहून ठेवा, नाहीतर कापल्यावर सगळं सारखंच दिसतं. धाव फार जुनी असेल आणि तोडल्यावर आत दोऱ्यांसारखे धागे दिसले तर ते जुनं घडीव लोखंड आहे. जोड धरतं, पण कधी कधी थराथरांनी सुटतं. असला तुकडा भार येणाऱ्या जागी घेऊ नका.

आता पाटा. यात कर्ब (कार्बन) साधारण ०.५ ते ०.६ टक्के. जोडाशेजारची पट्टी लाल होते आणि बाकीचा थंड पाटा तिची उष्णता झटकन ओढून घेतो, म्हणजे ती पट्टी पाण्यात बुडवल्यासारखी कडक होते. त्यात ६०१३ च्या लेपातून हायड्रोजन आत शिरतो. तो हळूहळू कडक पट्टीत जमतो, म्हणून तडा लगेच न जाता दुसऱ्या दिवशी जातो. तुमचं वर्णन अगदी त्याचंच आहे.

जोडायचंच असेल तर असं: दोन्ही बाजू चकचकीत घासून घ्या, ‘व्ही’ काढा, जोडाच्या दोन्ही अंगाला ७५ मि.मी. पर्यंत २०० ते ३०० अंश गरम करा. तापमान मोजायची खडू-पेन्सिल मिळते. नसेल तर घासलेल्या जागेचा रंग बघा: गवती पिवळा झाला की २२०–२३०, निळा झाला की २९०–३००. इन्फ्रारेड बंदुकीवर चकचकीत लोखंडासाठी भरवसा ठेवू नका, कमी दाखवते. रॉड ई७०१८, २.५ मि.मी., ७० ते १०० अँपिअर, रॉड पॉझिटिव्हला. पण उघडं पाकीट चालणार नाही. ७०१८ वापरण्याआधी ३०० ते ३५० अंशावर तास-दोन तास भाजावा लागतो आणि नंतर गरम डब्यातच ठेवावा लागतो. ती सोय नसेल तर ई३१२ स्टेनलेस रॉड घ्या. महाग आहे, पण अनोळखी आणि कडक लोखंडाला तोच जास्त सांभाळून घेतो. २.५ मि.मी. ला ६० ते ८० अँपिअर. जोड झाला की तुकडा कोरड्या राखेत किंवा चुन्यात गाडा, सकाळपर्यंत हात लावू नका. साखर कारखान्याच्या बगॅसची (उसाच्या चिपाडांची) राख चालते, फक्त ओली नको.

खरं सांगायचं तर पाटा मी जोडणारच नाही, बोल्टच लावीन. पाट्याला मधल्या बोल्टचं भोक आयतंच असतं, मुख्य पाट्याला टोकाला वळवलेला डोळा असतो. पंखाची रचना त्या भोकांभोवती बसवा. नवीन भोक पाडायचं असेल तर साधा ड्रिल जळेल. तेवढीच जागा लालभडक करा, चुंबक चिकटेनासं होईपर्यंत, मग राखेत हळू थंड करा आणि पाडा.

बिडात कर्ब ३ ते ४ टक्के, त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. ताण आला की ते ताणत नाही, फुटतं. त्याला निकेलचा रॉड लागतो. मणी, म्हणजे रॉडची एक रेघ, २०–२५ मि.मी. पेक्षा लांब ओढू नका. गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्या, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या, मग दुसरीकडे दुसरा मणी. एक तर असं पूर्ण थंड ठेवून करायचं, नाहीतर सगळाच तुकडा ३०० च्या वर तापवून करायचं. मधलं अर्धवट गरम काम हमखास फुटतं. चरकाच्या दात्यांत वर्षानुवर्षांचं वंगण मुरलेलं असतं, ते बिडाच्या भोकांतून उकळून वर येतं. घासूनही जोडात भोकांची जाळी पडत राहिली तर पहिला मणी मुद्दाम घालून घासून टाकायचा, मग खरा घालायचा. पितळी रॉडने गॅसवर ब्रेझिंग हा चांगला पर्याय आहे, आणि काळ्या बिडावर पितळेची रेघ दिसायलाही बरी दिसते.

बीड ड्रिलला मात्र फार सोपं. पाणी-तेल न घालता कोरडंच पाडा, भुगा निघतो. आटे पाडा, एम१० बोल्ट लावा. डोळ्याच्या जागी किंवा छातीत एखादं दातेरी चाक बसवणार असाल तर बोल्टच घ्या की, जोडाची कटकटच नको.

एक इशारा. शॉकअप कापू नका, तापवू तर अजिबात नका. आत तेल असतं, काहींत नायट्रोजन दाबून भरलेला असतो. दोन्ही बाजूंनी बंद असलेला कुठलाही पाइप, डबा, टाकी वेल्डिंगआधी भोक पाडून उघडी करायची. जीआय पत्र्याचा जस्ताचा थर जोडापासून ५० मि.मी. पर्यंत घासून काढा. त्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. त्यावर गूळ-दूध उपाय नव्हे, पंखा आणि धुराचा मास्क हा उपाय. शॉकअपच्या दांड्यावरचा क्रोम तर जाळूच नका, तो धूर जस्तापेक्षा वाईट.

काळी_माती_चिकोडी

मुलं चढणार म्हणताय तर ५० एनबी कण्याला पुरणार नाही. आकडेच मांडतो.

वारा ३९ मीटर प्रतिसेकंद धरला तर दाब ०.६ × ३९², म्हणजे चौरस मीटरला ९१२ न्यूटन. पक्ष्याचं वाऱ्याला दिसणारं क्षेत्र १.२ चौ.मी. धरा, बल सुमारे १,१०० न्यूटन. ते जमिनीपासून १.५ मीटरवर लागतं, म्हणजे बुडाशी १,६४० न्यूटन-मीटर. आता ४० किलोची दोन पोरं एकाच पंखाच्या टोकाला, मध्यापासून ०.९ मीटरवर लटकली: ७०६. पोरं नुसती लटकत नाहीत, झोके घेतात, म्हणून दुप्पट, १,४१२. दोन्ही एकदम आलं असं धरलं तर ३,०५० न्यूटन-मीटर.

५० एनबी हेवी पाइपवर (६०.३ बाहेरचा व्यास, ४.५ जाडी) याचा ताण येतो सुमारे २९८ मेगापास्कल. २४० ला वाकणारं लोखंड आहे ते. ८० एनबी हेवी (८८.९ व्यास, ४.८ जाडी) घेतला तर १२०. तेव्हा खांब ८० एनबीचा, मीटरला १० किलो. पाण्याचा हलका पाइप नको, आयएस ११६१ या मानकाचा, वायएसटी २४० प्रतीचा मागा.

तुमचा ५० चा पाइप वाया जात नाही, तो पंखांच्या कण्याला लावा. त्याच १,४१२ ला त्यावर १३८ येतात, चालतंय. पंखात बरेच जण २५ ची गोल सळई घालतात, दिसायला भक्कम वाटते. हिशेबात ताण ९०० च्या वर जातो, म्हणजे पहिल्याच सुट्टीत पंख खाली झुकला म्हणून समजा.

पिसांचं वजनही बघा. ७० × १० चा पाटा मीटरला ५.५ किलो. ६०० मि.मी. ची सात पिसं एका पंखाला म्हणजे २३ किलो, तेही टोकाकडे. बाहेरची लांब तीन पिसं पाट्याची ठेवा, बाकी काहिलीच्या पत्र्याची. १०० मि.मी. रुंद, ६०० लांब, ३ जाड पीस १.४ किलो भरतं. पत्र्याला मधोमध हलकी घडी मारली तर पिसासारखं दिसतं आणि ताठही राहतं. कुळवाच्या पासा छातीजवळच्या आखूड पिसांना मस्त बसतील, पण धार ग्राइंडरने मारून टाका.

बुडाला ४०० × ४०० × १२ ची प्लेट (१५ किलो), खांबाला आधार देणारे चार कान, चार एम१६ जे-बोल्ट ३०० मि.मी. अंतरावर, काँक्रीटमध्ये ४०० मि.मी. खोल. बोल्ट नुसते अंदाजाने रोवू नका, प्लेटचाच प्लायवुडचा साचा करून त्यात बांधा आणि आट्यांना कापड गुंडाळा. पाया ९०० × ९०० × ६००, एम२० काँक्रीट, साधारण ४ पोती सिमेंट. त्याचं वजन ११६५ किलोच्या आसपास, उलटण्याला विरोध ५,१०० न्यूटन-मीटर. पायाच्या तळाशी मोजलं तर उलटवणारं ३,७०० होतं, म्हणजे बसतं. खानापूरकडच्या जांभ्या-मुरमात हे पुरे. आमच्याकडे चिकोडी-अथणीच्या काळ्या रानात हाच पाया घातला तर दोन पावसाळ्यांत शिल्प कलतं. काळी माती फुगते आणि आकसते, तिथे १.२ ते १.५ मीटर खाली उतरून तळाला मुरमाची गादी द्यावी लागते.

मुलांसाठी आणखी दोन मापं. ८ ते २५ मि.मी. ची फट बोट अडकवते, ९० ते २३० ची फट डोकं. पिसांमधलं अंतर या दोन्ही पट्ट्यांच्या बाहेर ठेवा. सगळ्या कडा निदान २ मि.मी. गोल करा. चोचीचं टोक मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येत असेल तर ते खाली झुकवा, किंवा टोकाला ३० मि.मी. ची बॉल बेअरिंगची गोळी बसवा. गोळी कडक असते, तिलाही आर्कदादांनी सांगितलेलं पाट्याचंच पथ्य.

सुतार_मेस्त्री

लाकडाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पहिली गोष्ट, खोडाने भार उचलायचा नाही. भार सगळा लोखंडी खांबावर, खोड नुसतं अंगावर घातलेलं.

१ मीटर लांब खोडाला ९० मि.मी. चं सरळ भोक पाडायला जाऊ नका, बाहेर कुठेतरी निघेल. सॉ मिलमध्ये खोड उभं चिरून दोन फाळ्या करा. प्रत्येकीत आतून ५५ मि.मी. खोल अर्धगोल चर मारा, म्हणजे मिळून ११० चं भोक होतं आणि ८८.९ च्या पाइपभोवती १० मि.मी. मोकळी जागा राहते. दोन्ही फाळ्या एसएस ३०४ च्या एम१२ बोल्टने आवळायच्या. चिरल्याचा दुसरा फायदा असा की अखंड गोल खोडाला गाभ्यापासून बाहेर मोठी चीर पडतेच, चिरलेल्याला तो ताण सांध्यात निघून जातो. सांधा मागच्या बाजूला घ्या.

इकडे एप्रिल आणि ऑगस्टमधल्या हवेत फार फरक आहे. ४५० च्या खोडात आडव्या दिशेने ८–१० मि.मी. हालचाल धरूनच चाला. बोल्टला भोक १६ चं पाडा, मोठा वॉशर, त्याखाली स्प्रिंग वॉशर आणि रबर. करकचून आवळलेलं लाकूड पावसात फुगून वॉशरखाली दबतं आणि उन्हाळ्यात सैल पडतं.

जांभूळ पाण्याला टिकणारं लाकूड, विहिरीच्या तळाला त्याचाच चक (लाकडी कडं) घालायची जुनी रीत आहे. पण टिकतो तो आतला पक्का गाभा. बाहेरचं पांढरं लाकूड साल काढल्यावर तासून टाका, भुंगा तिथेच लागतो. दोन्ही टोकांना चिरल्याबरोबर मेण किंवा जाड रंग लावा, लाकूड टोकांतूनच सगळ्यात वेगाने सुकतं आणि तिथूनच फाटतं. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी भुंग्याला आणि वाळवीला चालतं, पण उघड्यावर पावसाने धुऊन जातं. वरून तेल हवंच.

जांभळात टॅनिन असतं. ओलं लाकूड लोखंडाला टेकलं की दोघंही काळी पडतात आणि लोखंड जास्त खातं. चराच्या आतून आणि पाइपवर डांबरी काळा रंग द्या. खोडाचं बूड प्लेटवर टेकवू नका, २५ मि.मी. वर प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर ठेवा. पाणीही निघून जाईल आणि वाळवीची मातीची नळी चढली तर दिसेल. वरच्या टोकाला, जिथे पाइप लाकडातून बाहेर येतो, तिथे पाइपला २ मि.मी. पत्र्याची उतरती टोपी गोल जोडून घ्या, लाकडाच्या कडेपुढे १५ मि.मी. येईल अशी. तिथे सिलिकॉन भरून भागवतात, ते दुसऱ्या वर्षी सुटतं आणि मग पाणी आत जायला वाट असते, बाहेर यायला नसते.

जांभा चिऱ्यात थेट ॲंकर बोल्ट ठोकू नका. चिरा खाणीतून आल्यावर उघड्यावर कडक होतो खरा, पण भोकाळ तो भोकाळच, बोल्ट गोल फिरायला लागतो. चिरा काँक्रीटभोवती नुसता लावा. गंजाचं पाणी त्याच्या रंगात मिसळून जातं हा फायदा. गोकाकचा फिकट दगड लावलात तर पहिल्याच पावसात खाली तांबडे ओघळ दिसतील.

आणि ताई, बांधावरचं झाड असलं तरी तोडीचा आणि वाहतुकीचा कागद जवळ ठेवा. कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा मालकीच्या जमिनीलाही लागतो. शाळेत कायमचं उभं राहणार आहे, उद्या कुणी विचारलं तर फाइलला असलेलं बरं.

जांबोटीची_वाट

खांब ८० एनबी आणि फाळ्यांची कल्पना घेतली. पाटे बोल्टनेच लावते. आता गंजाच्या रंगाचं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर लोखंड सुकतच नाही. वेदरिंग स्टील, ते कॉर्टेन म्हणतात ते, घ्यावं का? की गंज आणून वर क्लिअर लॅकर मारू? हिरड्याच्या पाण्याने गंज काळा करतात असंही ऐकलंय.

आवाज_कमी

दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उभा आहे उघड्यावर, आपलंच लोखंड का एवढं नाजूक?

प्रायमर_आधी

लोहस्तंभात फॉस्फरस भरपूर आहे, त्याचा पातळ घट्ट थर पृष्ठभागावर बसलेला आहे, आणि दिल्लीची हवा वर्षातला बराच काळ कोरडी. काहिलीच्या पत्र्यात यातलं काही नाही.

कॉर्टेनही इथे सांगणार नाही. त्याचा घट्ट थर ओलं-सुकं, ओलं-सुकं अशा आळीपाळीने बसतो. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात चार महिने ते ओलंच राहणार, थर बसायच्या आधी पापुद्रे सुटत राहणार. शिवाय तुमचा माल भंगाराचा आहे, त्यात कॉर्टेन आणायचा कुठून.

गंजावर क्लिअर लॅकर हा सगळ्यात वाईट मार्ग. गंज भोकाळ असतो, त्यात ओल आणि क्षार राहतात. लॅकर वरून बंद करतं, उन्हाने पिवळं पडतं, मग पापुद्रे सुटतात आणि काढायलाही जात नाही. सुरुवातीचे काही महिने फोटो मात्र छान येतात.

मी हे काम दोन भागांत तोडीन. खांब, पंखांचे कणे, पिसांच्या आतल्या बाजू, बूड, म्हणजे जे दिसत नाही आणि भार घेतं, त्याला पूर्ण रंग. ब्लास्टिंग (कणांचा मारा) एसए २½ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पांढरा धातू दिसेपर्यंत, ते जमत नसेल तर पॉवर ब्रश आणि ग्राइंडरने चकचकीत. एपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर ५० ते ७५ मायक्रॉन, एमआयओ (अभ्रकासारख्या लोह-ऑक्साइडचं) एपॉक्सी ७५ ते १००, जिथे ऊन लागतं तिथे वर पीयू (पॉलियुरेथेन) ५०. एपॉक्सी उघडं राहिलं की उन्हाने खडूसारखं होतं. पूर्ण कोट द्यायच्या आधी कडा आणि जोड ब्रशने एकदा वेगळे रंगवून घ्या, स्प्रेचा रंग टोकदार कडेवर टिकत नाही, गंज नेहमी तिथूनच सुरू होतो. सगळं मेच्या आत संपवा. धुक्याच्या सकाळी नाही, लोखंड दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम असताना.

दिसणाऱ्या बाजूला गंज ठेवा. एप्रिल-मेमध्ये तेल-वंगण सोडा-पाण्याने काढून टाका, मग रोज सकाळ-संध्याकाळ साध्या पाण्याचा फवारा मारायचा आणि मध्ये पूर्ण सुकू द्यायचं. इंटरनेटवरच्या कृतींत मीठ घालतात. लवकर गंजतं, पण ते मीठ गंजात राहतं आणि पुढे ओल ओढत बसतं. मीठ नको. दोन-तीन आठवड्यांत रंग बसला की सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, धुवा, उन्हात कडक तापू द्या आणि गरम असतानाच जवसाचं उकळलेलं तेल टर्पेंटाइनमध्ये अर्धंअर्धं करून चोळा. १५ मिनिटांनी वरचं पुसून घ्या. असे तीन हात, मध्ये दोन दिवस. रंग गडद चॉकलेटी होतो, आत्ताचा नारिंगी राहत नाही, हे आधी शाळेला दाखवून ठेवा.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटतो. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरा.

तेलाला दर मेमध्ये एक हात लागणारच. आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते, ती दिवाळीनंतर ब्रशने निघते. शाळा दरवर्षी हे करील असं वाटत नसेल तर सरळ पीयूमध्ये गंजाच्या रंगाची छटा बनवून घ्या. हौशी लोक नाक मुरडतील, पण दहा वर्षांनी पंख जागेवर असतील.

हिरड्याचं खरं आहे. १०० ग्रॅम कुटलेला हिरडा १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, अर्धा तास उकळा, गाळा. घट्ट बसलेल्या गंजावर ब्रशने दोन-तीनदा लावला की टॅनिन आणि लोह मिळून निळसर काळा रंग येतो. धनेशाच्या अंगाचा काळा भाग याने करा, चोच आणि शिरावरचं शिंग गंजाच्या तांबूस रंगात ठेवा. रंगांची जोडी तशीच असल्यामुळे शोभेल. पण तो रंग आहे, चिलखत नाही. त्यावर तेल लागतंच.

चेनचं मात्र ऐका. सायकलची चेन बाहेरच्या शिल्पात लावू नका. कड्यांच्या आतली ओल कधीच सुकत नाही, गंज फुगून पिना जाम होतात, नंतर तुकडे गळतात. तेच पिसांचं: एकावर एक चढवून चार ठिकाणी टाके (छोटे वेल्ड) मारलेत तर मधल्या फटीत पाणी केशाकर्षणाने चढतं, तिथे गंज धरतो आणि गंज लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेत असल्यामुळे टाके उचकटतात. एक तर चारही बाजूंनी अखंड जोड, नाहीतर ५ मि.मी. पेक्षा मोठी उघडी फट. मधलं काही नाही. पोकळ शिंग, पोकळ चोच, पंखाचा पाइप, सगळ्यांना सगळ्यात खालच्या बिंदूला १० मि.मी. चं भोक. उभं केल्यावर खालचा बिंदू कुठे येतो ते बादलीभर पाणी ओतून बघा, टेबलावर आडवं असताना लावलेला अंदाज चुकतो.

उद्यमबाग_आर्क

सांगाड्याला हॉट डिप गॅल्वनाइझिंग का नाही सुचवत? कटकट एकदाच.

प्रायमर_आधी

नुसत्या सांगाड्याला जरूर, पिसं लावायच्या आधी, बोल्टची सगळी भोकं पाडून झाल्यावर. प्रत्येक पाइपच्या दोन्ही टोकांना हवेची आणि जस्त निघायची भोकं हवीत, ४५० अंशाच्या जस्तात बंद पाइप गेला तर फुटतो. पाटे लावलेला तयार पक्षी मात्र बुडवू नका: आधीच्या ॲसिडने कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि पिसं एकावर एक असतील तिथे ॲसिड अडकून महिनोन्‌महिने ओघळतं. बिडाला साच्यातली वाळू चिकटलेली असते, ब्लास्ट केल्याशिवाय जस्त बसत नाही. आणि सांगाडा एकदा जस्तात न्हाला की त्यावर नवा टाका मारायचा नाही. पिसांना कान आधीच जोडून ठेवा.

जांबोटीची_वाट

चोचीसाठी धाव उभी चिरून अर्धी-अर्धी केली तर वळण राहील का? आणि पक्षी खांबावर चढवायचा कसा, इथवर क्रेन येत नाही.

उद्यमबाग_आर्क

गॅसने लांबीत चिरलीत तर कापलेली कड आकसते आणि दोन्ही पट्ट्या बाजूला वाकतात. पातळ कटिंग चाकाने, दर २०० मि.मी. वर २० मि.मी. न कापता सोडत जा, शेवटी थंड झाल्यावर ते पूल तोडा. वळण जास्त हवं असेल तर लोहाराच्या भात्यावर नारिंगी होईपर्यंत तापवून चपट्या अंगावर वाकवा. १२ जाडीची पट्टी कडेवर वाकवायला जाऊ नका, सुरकुतते.

काळी_माती_चिकोडी

पक्षी खांबाला जोडून कायमचा करूच नका. खांबाच्या तोंडात सैल बसेल असा ३०० मि.मी. चा आतला पाइप पक्ष्याच्या पोटाला जोडा, बाहेरचा व्यास (ओडी) ७५, ६ जाडीचा. ८० एनबीचं आतलं माप ७९.३ आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना २ मि.मी. राहतात, तेवढा ढिलेपणा तीन बाजूंच्या पाचरपट्ट्यांनी भरून काढा. आडवे दोन एम१६ बोल्ट आरपार. पुढेमागे रंगवायला काढताही येतो.

चढवायला ३ मीटरच्या तीन पाइपांची तिपाई आणि १ टनाची चेनपुली. तिपाईचे पाय खाली साखळीने एकमेकांना बांधा, नाहीतर जांभ्यावर घसरतात. पक्ष्याला उचलायचा कान कुठे लावायचा ते अंदाजाने ठरवू नका. पंख लावून झाले की पाठीच्या पाइपला दोर बांधून जमिनीपासून हातभर उचला, पुढे-मागे सरकवत सरळ तरंगतो ती जागा शोधा आणि तिथे १२ मि.मी. प्लेटचा कान पूर्ण जोडाने लावा. धनेशाची चोच आणि शिंग जड असल्यामुळे ही जागा पंखांच्या रेषेपेक्षा पुढे येईल. कान कापून टाकू नका, पिसाखाली झाकला जाईल इतकाच ठेवा.